कुणाच्या उजव्या हाताला

मास्तरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठं तेही नाही. दार अर्धंच उघडलं, माझ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाले, "लिहितोस कुठल्या हातानं?"

म्हटलं, "उजव्या. पण जन्मानं डावखुरा. बार्शीच्या शाळेत छड्या मारून मारून उजवा केला."

मास्तरांचा चेहरा उजळला. दार पूर्ण उघडलं. "म्हणजे पश्चात्ताप झालेला आहे," म्हणाले. "ये आत. चपला उजवीकडे काढ."

लालबागला स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खाट मिळत होती, म्हणून मी हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माणूस गरजू असला की त्याला समोरच्याचा वेडेपणा दिसत नाही. नंतर दिसतो. नंतर तो रोज सकाळी उशाशी येऊन उभा राहतो.

मास्तर नगरकडचे मराठी ख्रिस्ती. हयात मिशनच्या शाळेत शिकवण्यात गेली. बायको वारल्यावर मुलीच्या मागं मुंबईला आले. मुलगी एस्तेर परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिथंच क्वार्टर्समध्ये राहायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायची. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतली मास्तरांची, बाहेरच्या खोलीतली खाट माझी, मध्ये दाराच्या जागी एक पडदा. त्या पडद्याला चिरून मास्तरांचा आवाज यायचा. आवाजाचं सांगतो, कारण तो मी पुष्कळ काढलाय. पोटातून निघायचा, छातीत जरा टेकायचा, थोडा नाकातून गळायचा आणि शेवटच्या शब्दावर मांडी घालून बसायचा. "बाळा, आज प्रभू आला तर तू या चादरीत सापडशील. या चादरीत." ही आमची सकाळ.

झालं होतं असं, की एक दिवस सगळ्या जगाचा न्याय होणार यावर मास्तरांचा विश्वास होता. प्रभू सिंहासनावर बसणार, मेलेले उठणार, जिवंत असतील ते हजर होणार, आणि धनगर कळप निवडतो तशी माणसं निवडली जाणार. मेंढरं उजव्या हाताला, शेरडं डाव्या हाताला. उजवीकडचे त्याच्या राज्यात, डावीकडचे कायमचे आगीत. आता हे जगातल्या सगळ्याच ख्रिस्ती लोकांना माहीत असतं. तरी ते भाजी आणतात, सिनेमा बघतात, लग्नाला जाऊन जिलेबी खातात. मास्तरांची पंचाईत ही, की त्यांना तो दिवस उद्याच वाटायचा. उद्या नाही झाला तर परवा.

त्यामुळं घरात लोणचं नसायचं. मुरायला महिना लागतो, तोवर कोण राहणार? चाळीनं वर्गणी काढून जिन्याला रंग द्यायचं ठरवलं तेव्हा मास्तर बैठकीत उठून म्हणाले, "जे जळायचं आहे ते रंगवता कशाला?" लोक आधीच गोळीबार, कर्फ्यू, बंद गिरण्या यांनी वैतागलेले. तळमजल्याचा एक विणकर म्हणाला, "मास्तर, निदान आपलं राज्य तरी होऊ द्या आधी." त्या दिवसांत गल्लीगल्लीत मोर्चे निघायचे, मुंबईसकट महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून. चाळीतल्या पोरांनी मास्तरांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली. मास्तर नळावर दिसले की ओरडायची, "न्यायाचा दिवस..." आणि बाकीची, "झालाच पाहिजे!" मास्तर रागवायचे नाहीत. थांबून, टोपी नीट करून, "आमेन" म्हणायचे. पोरांची सगळी मजा जायची.

निवडायचं काम मात्र प्रभूवर सोडायला ते तयार नव्हते. त्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून रोज थोडं थोडं निवडून ठेवायचे. दुधात पाणी घालणारा भय्या डावीकडे. नळावर नंबर सोडून घुसणारी बाई डावीकडे. पाळकसाहेब, म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, उजवीकडे, पण काठाकाठानं, कारण ते उपदेश करताना घड्याळ बघायचे. मी खाटेवर पडून विचारायचो, "आणि मी, मास्तर?" आतून यायचं, "तुझं अजून बघतोय."

त्याहून छळ संध्याकाळचा. मनात कुणाविषयी पाप ठेवून झोपायचं नाही, असा नियम. रात्रीत दिवस उगवला तर? म्हणून दिवे लागले की मास्तर गॅलरीतून दारोदार क्षमा मागत फिरायचे, आणि ज्याला पत्ताही नाही अशा माणसाला त्याचा अपमान घरपोच करून यायचे. शेजारच्या नर्मदाकाकूंना म्हणाले, "सकाळी तुमच्या आमटीचा वास आला तेव्हा मी मनात म्हटलं, या बाईच्या नवऱ्याला नरकाचं भय घालण्यात अर्थ नाही. क्षमा करा." काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणून मास्तर पुन्हा गेले. काकूंचा नवरा सज्जन, त्यानं मला जिन्यात गाठून हात जोडले. "अरे, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मनात काय म्हणायचं ते म्हण, पण आम्हाला कळवू नको."

खोटं तर बोलायचेच नाहीत. माणसाच्या प्रत्येक फुकट शब्दाचा त्या दिवशी झाडा घेतला जाणार, म्हणायचे. दारावर कुणी विमेवाला आला आणि मी खुणेनं "नाही म्हणा" असं सांगितलं, तर मास्तर त्याला म्हणायचे, "तो घरात आहे. मला नाही म्हणायला सांगतोय." अशा माणसाबरोबर राहून बघा.

आता दत्ताराम.

दत्ताराम सावंतवाडीकडचा, गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, लाल बावट्याच्या युनियनमधला. गेटावर पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून बोलायचा तेव्हा ट्राममधली माणसं खाली उतरायची. हात मशिनीत सापडला म्हणून हॉस्पिटलात आला, तिथं एस्तेरनं पट्ट्या बदलल्या, आणि हात बरा झाल्यावरही तो पट्टी बदलायला जायला लागला. वर्षभर हे चाललं. शेवटी एस्तेरनं सांगितलं की आता माझ्या वडिलांना येऊन विचार. लपून काही करणार नाही, आणि वडील नाही म्हणाले तर काय करायचं ते तेव्हा बघू.

आला तो इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून. मी खाटेवर बसून पेपर वाचायचं नाटक करत होतो. मास्तरांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि गाव-घराणं-पगार काही न विचारता थेट कपाळावर बोट ठेवलं.

"तू कुठल्या बाजूचा?"

"डाव्या," दत्ताराम छाती काढून म्हणाला. "आमी पैल्यापासून डावेच, मास्तरांनू."

मास्तर हबकले. आजवर त्यांनी शेकड्यांनी लोक डावीकडे घातले होते, पण स्वतःहून तिथं जाऊन उभा राहिलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

"हे तू स्वतःच्या तोंडानं सांगतोस?"

"तोंडान कशाक? रोज गेटार भोंग्यातून सांगतंय."

"आणि भय नाही वाटत?"

"भय कसला? माझो बापूस डावो, चुलतो डावो. गिरणीतला आमचा अख्खा खाता डावा असा. एक दिवस सगळी दुनिया डावी होतली, बघा तुमी."

पडद्यामागं सुट्टीवर आलेली एस्तेर हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही. मी मध्ये पडलो. म्हटलं, मास्तर, हे राजकारणातलं डावं, तुमचं ते निराळं. मास्तर म्हणाले, डावं ते डावं, प्रभू काही दोन डाव्या बाजू ठेवून बसलेला नाही. मग त्यांनी दत्तारामला सांगितलं की तू चांगला माणूस दिसतोस, पण मी मुलीला सगळ्या काळासाठी माझ्यापासून तोडून कसं देऊ? ती तुझ्या मागं येणार. ती डावीकडे, तिची आई आणि मी उजवीकडे, मध्ये कुणी ओलांडू शकत नाही असा खंदक. "इथला वियोग सोसवतो बाबा. तिथला कसा सोसू?"

हे ते ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी साध्या आवाजात म्हणाले. दत्ताराम भाषणाच्या तयारीनं आलेला. पाणी पिऊन गेला.

तेव्हापासून मी त्या घरात टपालपेटी झालो. एस्तेर मला सांगायची, बाबांना सांगा की मी लग्न केलं तर याच्याशीच करेन, पण तुमच्या आशीर्वादाशिवाय करणार नाही. मी सांगायचो. मास्तर म्हणायचे, तिला सांग, आशीर्वाद हा खोटा देता येत नाही. मी सांगायचो. दोघं एकाच मापाची. दत्ताराम मला जिन्याखाली गाठून विचारायचा, "म्हाताऱ्याचा मन वायच हललां काय?" मी त्याला मास्तरांच्या आवाजात उत्तर द्यायचो. तेवढं एक सुख होतं.

एकदा मी असाच आवाज काढून दत्तारामला सगळ्या काळासाठी आगीत ढकलत होतो आणि मास्तर मागं उभे. मला वाटलं, खाट गेली. ते म्हणाले, "शेवटचा शब्द आणखी खाली घे. घाई करतोस." आणि नळावर गेले.

मग तो दुपारचा प्रकार झाला. लालबागेत मोठा मोर्चा, नाक्यावर लाठी चालली, माणसं गल्ल्यांमधून पळाली. आमच्या जिन्यातून एस्तेर वर आली, सुट्टीवर घरी येत होती ती, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून दत्ताराम. कपाळ फुटून डोळा रक्तानं बुजलेला. तिनं त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. मास्तर बाजूला झाले. पाणी तापवायला स्टोव्ह त्यांनीच पेटवला, हे मी बघितलंय.

पाठोपाठ हवालदार. मोर्चाचे पुढारी शोधत खोल्या बघत निघालेला. नर्मदाकाकू आमच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आत बाळंतीण आहे, लाज आहे की नाही? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पडद्यामागं गेलो आणि तान्ह्या पोराचं रडणं काढलं. ते माझं हुकमी काम, बार्शीच्या गॅदरिंगला त्याच्यावर मला कप मिळालाय. असं रडलो की दत्तारामनं तशा अवस्थेत दचकून इकडं तिकडं बघितलं. हवालदार साताऱ्याकडचा, बिचारा घामाघूम. तो "बरं बरं" म्हणून वळला. आणि वळता वळता, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, मास्तरांना म्हणाला, "नातू का मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग कुणाचं पोर?"

"पोर नाही. दत्ताराम आहे. डोकं फुटलंय त्याचं. मुलगी पट्टी बांधते आहे, तेवढी पुरी होऊ द्या."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मास्तर," तो म्हणाला, "मी निघालोच होतो हो."

मास्तरांनी त्याला स्टूल दिलं. पट्टी पुरी होईपर्यंत तो बसला. मग दत्तारामला घेऊन गेला. एस्तेरनं हात धुतले, कात्री पिशवीत टाकली आणि पायात चपला घालताना वर न बघता म्हणाली, "बाबा, तुमच्या खऱ्याचं ओझं दर वेळी दुसऱ्याच्या डोक्यावर कसं पडतं?"

ती जी गेली ती सुट्टीलाही घरी यायची बंद झाली.

चाळीनं मास्तरांना वाळीत टाकलं. पोरं "झालाच पाहिजे" म्हणेनात. दिवे लागल्यावर मास्तर क्षमा मागायला निघाले की दारं पटापट लागायची. गिऱ्हाईकच उरलं नाही. मग राहिलो मी. सगळ्या चाळीची क्षमा एकटा मी करायचो. "बाळा, तुझ्या घोरण्यावर मी आज मनात..." म्हटलं, मास्तर, केली, झोपा. एकदा न राहवून बोललोच, की माझी रोज मागता, दत्तारामची का नाही मागत? त्यांचा चेहरा शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा झाला. "कशाची मागू?" म्हणाले. "खरं बोलल्याची? ती कशी मागतात?"

खरंच विचारत होते. मला येत असती तर मी सांगितली असती.

दत्तारामला सात रस्त्याजवळच्या तुरुंगात ठेवलं होतं. दिवाळी गेली, नाताळ जवळ आला. इतर चर्चमध्ये नाताळात गोठा, बाळ, तारा, तीन ज्ञानी पुरुष. आमच्या मास्तरांकडं शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, असल्यामुळं त्यांची पोरं नाताळात थेट जगाच्या शेवटाला जायची. दरवर्षी एकच नाटक, न्यायाचा दिवस. निम्मी पोरं मेंढरं, अंगाला कापूस चिकटवलेली. निम्मी शेरडं, गोणपाट आणि पुठ्ठ्याची शिंगं. सिंहासनाची खुर्ची रिकामी, कारण पोरानं प्रभूचं सोंग घेणं मास्तरांना पटायचं नाही. स्टेजच्या खाली, पुढ्यात उभं राहून, स्टेजकडं तोंड करून, मास्तर स्वतःच प्रभूची वाक्यं म्हणायचे आणि उजवा हात, डावा हात करत पोरं वाटायचे.

त्या वर्षी त्यांचा घसा बसला. तालमीच्या रविवारी नुसती हवा यायला लागली. मला म्हणाले, चल. म्हटलं, मास्तर, मी हिंदू, त्यात तुमचं माझ्याबद्दल अजून बघायचं चाललंय. ते म्हणाले, "माझी नक्कल करतोस ना? तीच कर. दुसरं काही मागत नाही."

हॉलमध्ये गेलो तर एस्तेर तिथं. मेंढरांचा कापूस तीच हॉस्पिटलातून आणायची. कोपऱ्यात बसून पोरांच्या कपड्यांवर कापसाला टाके घालत होती. बापाकडं बघितलं नाही. बापानं बघितलं आणि कागद चाळले.

मला वाटलं, मास्तरांसारखं खाली उभं राहून बोलण्यात काय मजा? रिकामी खुर्ची आहे, बसू. मास्तरांना घशामुळं नाही म्हणता आलं नाही. मी वर जाऊन ऐटीत बसलो, तोंड हॉलकडं, उजवा हात पसरला, पोटातून आवाज काढला, छातीत टेकवला आणि म्हणालो, "माझ्या उजवीकडच्यांनो, या. हे राज्य तुमचं."

आणि सगळी शेरडं उठून माझ्याकडं आली.

आनंदानं आली. दरवर्षी आगीत जाऊन कंटाळलेली पोरं ती. मेंढरं माझ्या डाव्या हाताला कापूस सावरत उभी, त्यांतलं एक रडायच्या बेतात. मास्तर धावत स्टेजवर आले आणि नुसत्या हवेनं म्हणाले, "हात चुकला. डावखुरेपणा उफाळला तुझा."

"हाच उजवा, मास्तर. सकाळी याच हातानं जेवलो."

त्यांनी मला उठवलं. स्वतः बसले. उजवा हात पुढं केला. समोर शिंगं. उठले, खाली जाऊन उभे राहिले, उजवा हात केला. कापूस. पुन्हा वर येऊन बसले. शिंगं. असं किती वेळा वर-खाली केलं कोण जाणे, पोरं माना हलवून बघत होती. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येताना मी बघत होतो. नुसतं नाटक नव्हतं ते. चर्चमध्ये ते कायम उजवीकडच्या बाकावर बसायचे. नगरला असल्यापासून. वेदीकडं तोंड करून, उजवीकडच्या.

"मग मी इतकी वर्षं..." एवढीच हवा आली.

कोपऱ्यातून एस्तेर बोलली. त्या दुपारी कात्री पिशवीत टाकून गेल्यापासूनचे बापाशी पहिले शब्द. "बाबा, तो आपल्या समोर बसणार आहे. आपल्या बाजूला नाही."

मास्तरांनी खुर्ची फिरवून बघितली. मी हॉलकडं पाठ करून बसलो. एक शेरडू म्हणालं, "प्रभू रुसला काय, मास्तर?" खुर्ची परत सरळ झाली. आता कोण मेंढरू, कोण शेरडू, में करायचं की बें, या भानगडीत पोरं एकमेकांची शिंगं ओढायला लागली. मास्तरांनी मला हातानं खूण केली, पुढचं म्हण, म्हणजे गोंधळ तरी थांबेल.

पुढचं तालमीत कधी यायचंच नाही. बाजू लावण्यातच वेळ संपायचा. मीही कागदावरून पहिल्यांदाच वाचत होतो, आणि रंगात आलो होतो. मी काढलेला मास्तरांचा आवाज त्या हॉलमध्ये फार छान घुमत होता. "भुकेला होतो, तुम्ही घास दिला नाहीत. उघडा होतो, पांघरूण दिलं नाहीत." शेवटचा शब्द त्यांनी शिकवल्याप्रमाणं खाली घेतला. "तुरुंगात होतो. तुम्ही आला नाहीत."

एस्तेरची सुई थांबली. मी वर बघितलं तर मास्तर माझ्याकडं बघत होते, म्हणजे स्वतःच्याच आवाजाकडं.

एका बारक्या शेरडाला तेवढंच वाक्य होतं. गोंधळातही पोरगं ते विसरलं नाही. शिंग एका हातानं धरून म्हणालं, "प्रभू, आम्ही तुला तुरुंगात कधी बघितलं?"

तालीम तिथंच मोडली. घरी येताना मास्तरांनी एकच विचारलं, की भेटीच्या वारी मला अर्धी रजा मिळेल का?

मिळाली. मास्तरांनी पहाटे उठून स्वतः भाकरी थापल्या, वांगं भाजलं, आणि सगळ्या वाटेत डबा सरळ आहे ना बघायला मला तीन ठिकाणी थांबवलं. तुरुंगाच्या दाराशी रांग होती, बायकामाणसं, म्हाताऱ्या, पोरं. आणि रांगेच्या बाहेर, भिंतीच्या कडेला, डबा हातात घेऊन एस्तेर उभी.

"तू बाहेर का?" मास्तर म्हणाले. घसा अजून खरखरत होता.

मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आत फक्त नात्यातल्यांना सोडायचे. एस्तेर दर भेटीला यायची, दत्तारामच्या चुलतभावाच्या हाती डबा द्यायची आणि परत जायची. एकदाही त्याचं तोंड दिसलं नव्हतं. मी तिला कितीदा सांगितलं, बायको म्हणून सांगा, कोण कागद बघतंय? तर म्हणायची, "नाहीये ना मी." बापाशी बोलणं टाकलं, पण बापाची जीभ टाकता आली नाही. मला कधी कधी दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

मास्तर रांगेत लागले. एस्तेरचा हात धरून तिलाही ओढलं. नंबर आला. दारावरचा शिपाई कंटाळलेला, वेळ संपत आलेली.

"कैदी तुमचा कोण?"

मास्तर विचार करायला लागले. मी मागून कुजबुजलो, काका म्हणा. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "मी त्याचा काका नाही." रांग हसली. शिपाई म्हणाला, मग कोण? ओळखीचे? ओळखीच्यांना आत सोडत नाहीत, बाजूला व्हा. मागून एक बाई करवादली की म्हातारबुवा, तुमचं ठरेपर्यंत आमची माणसं सुटून घरी येतील. शिपायानं दाराला हात घातला. मास्तर जागचे हलेनात. मी त्यांच्याबरोबर इतके दिवस काढले होते, पण त्यांना इतका घाम आलेला कधी बघितला नव्हता. त्यांनी एकदा मुलीकडं बघितलं. ती डब्याकडं बघत होती.

"जावई," मास्तर म्हणाले.

"आणि ही?"

"माझी एकुलती एक मुलगी."

शिपायानं दोघांवरून नजर फिरवली. "मग आधी सांगायचं की ताई," तो म्हणाला. "दर खेपेला भिंतीला टेकून उभ्या राहता." आणि दिंडी दरवाजा उघडला.

एस्तेर हलेना. नुसती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. मास्तरांनी आपला डबाही तिच्या हातात दिला. पहिल्यांदाच चोरी केलेल्या माणसासारखं इकडंतिकडं बघितलं.

"बघत काय राहिलीस," ते म्हणाले. "जा, आत जाऊन त्याला विचार. आणि लग्न लवकर उरका दोघं. तोवर मी खोट्यात आहे."